शेवटचा हुक घरच्या बाईचा

तो हुक माझ्या दोन बोटांत मोडला. पाना लावावा लागला नाही की जोर करावा लागला नाही. वीरम्माच्या घराला शिडी लावून मी वर चढले होते, तडकलेला एक पत्रा बदलायला. नट फिरतो का ते पाहायला नुसता हात लावला, तर नट, वायसर आणि हुकाचं डोकं असं सगळंच तळहातात आलं. मागे उरला लाल भुगा. सकाळचं ऊन होतं, समुद्र गप्प होता, आणि खाली वीरम्मा भिंतीच्या सावलीत पाय पसरून मला विचारत होती, "काय अम्मा, वर झोप लागली का?"

मी शेजारचा हुक पाहिला. तो मोडला नाही, पण वाकला. तिसरा मोडला. मी खाली उतरले, शिडी उचलून पुढच्या घराला लावली, मग त्याच्या पुढच्या. पाचव्या घरानंतर मी तपासणं थांबवलं. बत्तीस घरं होती आणि बत्तीसही घरांवरचे हुक माझ्या दुकानातून आलेले होते. ते निवडले होते मीच. खिशातला फोन सकाळपासून सांगत होता की खोल समुद्रात वादळ तयार झालं आहे आणि परवा दुपारी ते याच किनाऱ्यावर येणार आहे.

आता मुळापासून सांगते. आमचं हार्डवेअरचं दुकान गौलीगुड्यात आहे. सासऱ्यांच्या वडिलांनी परभणीकडची शेती भावाला देऊन ते थाटलं. राहतो मलकपेठेत. नवरा सकाळी दुकानात बसतो, दुपारनंतर मी बसते, आणि खरं सांगायचं तर खरेदी-विक्रीचे निर्णय वीस वर्षांपासून माझेच. आमच्या शेजारी सुगुणा राहते. शाळेत शिक्षिका आहे, ख्रिस्ती आहे, माहेर आंध्रच्या किनाऱ्यावरचं. तिचे थोरले भाऊ प्रकाशरावगारू (गारू म्हणजे आपलं 'जी') तिथल्या कोळ्यांच्या गावात पास्टर आहेत. तीन वर्षांपूर्वी त्या गावावरून चक्रीवादळ गेलं तेव्हा चर्चसकट सगळी वस्ती आडवी झाली. सुगुणाने आमच्या गल्लीत, तिच्या शाळेत, तिच्या इथल्या चर्चमध्ये माणसं गोळा केली. दर सुट्टीत दहा-दहा दिवस जायचं आणि घरं बांधायची. त्यात निवृत्त रेल्वे फिटर होते, नर्सबाई होत्या, कॉलेजातल्या मुली होत्या. पास्टरांच्या मंडळींनी तिथे एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती. घर कुणाचं, तो कुठल्या देवाला हात जोडतो हे विचारायचं नाही, सगळ्यांची घरं आधी, आणि चर्चचं छप्पर सर्वांत शेवटी. तोवर प्रार्थना ताडाच्या झावळ्यांखाली होणार. घंटा तेवढी एका नारळाच्या खोडाला टांगलेली होती.

मला हे व्यवहाराच्या दृष्टीने चूक वाटलं होतं. सिमेंट कोरडं ठेवायला आधी एक पक्कं छप्पर हवं, हे कुणीही सांगेल. मी सुगुणाला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "वदिना, माझ्या भावाला सांग. मी सांगून दमले." वदिना म्हणजे वहिनी. वीस वर्षं ती मला त्याच नावाने हाक मारते.

छपराचं सामान मी द्यायचं ठरलं होतं. सिमेंटचे पत्रे पाइपवर बसवायला वाकडे हुक लागतात. खालून पाइपाला अडकवायचे, पत्र्यातून वर काढायचे, वर वायसर घालून नट आवळायचा. समुद्राजवळ त्यांना जस्ताचा मुलामा हवा, नाहीतर खारी हवा त्यांना खाते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचल्यासारखं ठाऊक होतं. त्या वेळी मुलाम्याचे हुक बाजारात नव्हते, पंधरा दिवस थांबावं लागलं असतं. माझ्याकडे साध्या काळ्या हुकांची पोती पडलेली होती. आमच्या गोदामाच्या शेडवर तेच हुक पंधरा वर्षं आहेत, एकाला काही झालेलं नाही. पण हैदराबादची हवा म्हणजे कोरडा खडक. सुगुणाने विचारलं होतं, "खाऱ्या हवेला चालतील ना?" मी म्हणाले, "मी वीस वर्षं हुक विकतेय, सुगुणा." त्यांना लाल रंगाचा एक हात मारून आठवड्याच्या आत पाठवून दिले. लोकांनी माझ्या झटपटपणाचं कौतुक केलं. मीही ते मान वर करून घेतलं.

पहिली बत्तीस घरं पूर्ण झाली त्या दिवशी मी एका दिवसासाठी तिथे गेले होते. त्या गावात एक रीत मला तेव्हाच आवडली होती. छपराचा शेवटचा हुक घरच्या बाईने बसवायचा. ती शिडी चढते, नट हाताने फिरवते, खालून सगळे टाळ्या वाजवतात, मग ते घर तिचं. वीरम्मा सत्तरीची, दात चारच उरलेले, जाळी दुरुस्त करण्यात गावात तिचा हात धरणारं कुणी नाही. तीही पदर खोचून चढली होती. पण तिने खाली उतरून एक जुनं जाड जाळं ओढत आणलं आणि मुलाला म्हणाली, हे छपरावरून टाक आणि खाली दगडांना बांध. त्यांच्या झावळ्यांच्या घरांवर पूर्वी तसंच टाकायचे. मला ते नव्या पत्र्यांवर विद्रूप दिसलं. मी हसत म्हणाले, "वीरम्मा, हे पक्कं छप्पर आहे. आता याची गरज नाही. काढून टाका ती जुनी जाळी, विद्रूप दिसतात." लोकांनी ऐकलं. हैदराबादची बाई, लोखंडात जन्म काढलेली, ती सांगते म्हणजे बरोबरच. पुढच्या महिन्यात भंगारवाला आला आणि गावातली सगळी जुनी जाळी घेऊन गेला.

माझ्या भक्तीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, कारण हा अनुभव लिहिण्याचं कारण तेच आहे. आमच्या घरी दत्ताची उपासना आहे. गुरुवारी भजन असतं. नवरा पेटी वाजवतो, डोळे मिटून गातो, त्याच्या डोळ्यांना पाणी येतं. मी प्रसादाचं बघते, सतरंज्या घालते आणि गुंडाळते. लग्नानंतर दोनच वर्षांनी मी त्याला सांगून टाकलं होतं, "देवघर तुम्ही सांभाळा, दुकान मी सांभाळते." तो हसला होता. माझी श्रद्धा नव्हती असं नाही. पण मला देवाचं काम पडत नव्हतं. माझी कामं मी करत होते आणि ती होत होती. नट किती आवळायचा हे मी रोज दहा गिऱ्हाइकांना सांगते. हाताने आवळा, मग पान्याने एक फेरा द्या, आणि थांबा. त्याच्या पुढे गेलात तर पत्रा तडकतो. हे मी लोकांना सांगायची. स्वतः मात्र कुठे थांबले नव्हते.

तर वीरम्माच्या अंगणात मी तो मोडका हुक मुठीत धरून उभी होते. त्या खेपेला आम्ही अजून बांधायच्या राहिलेल्या चार घरांसाठी आलो होतो आणि त्यांच्यासाठी तीन खोकी चांगले मुलाम्याचे हुक आणले होते. म्हणजे बत्तीस घरांपैकी फार तर चार घरांचे हुक बदलता आले असते. कुठली चार? मी जवळच्या गावातल्या दुकानदारांना फोन लावले. दोघांनी शटर ओढलं होतं, तिसऱ्याने उचललाच नाही. गौलीगुड्याहून माल निघाला तरी परवा दुपारच्या आत पोचणं शक्य नव्हतं, वाटेतले पूल बंद व्हायला लागले होते.

आणि मग जे मनात आलं ते लिहायला लाज वाटते, पण ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ राहणार नाही. मनात आलं, बोलू नकोस. माणसं सरकारने बांधलेल्या निवाऱ्याच्या पक्क्या इमारतीत जातील, जिवाला धोका नाही. छपरं उडाली तर वादळाने उडाली. वादळाला कोण जाब विचारतं? हुक मोडून वाळूत पडतील, तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कुणी बघणार नाही. मी सगळ्यांबरोबर हळहळेन आणि पुढच्या वेळी मुलाम्याचे हुक पाठवीन. हिशेब चोख होता. इतका चोख की मीच दचकले.

मी नवऱ्याला फोन केला. गिऱ्हाईक होतं समोर, मागून कुणीतरी "भाई, पाव इंच का स्क्रू देना" म्हणत होतं. मी सगळं सांगितलं. त्याने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, "पास्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? छप्पर माझं थोडंच आहे."

"अहो, मी विचारतेय काय करू."

"तुला माहीत आहे काय करायचं. ते झाल्यावर काय करायचं ते माहीत नाही, म्हणून फोन केलास." आणि मग, पाव इंचाचे स्क्रू मोजत असल्यासारख्या आवाजात, "त्याच्या पुढचं माझ्या खात्यातलं आहे. मी दत्तासमोर बसतो. तू जा."

पास्टर झावळ्यांच्या चर्चमध्ये होते. वादळ येणार म्हणून ते बाकं एकावर एक रचून दोरीने बांधत होते. मी हुक त्यांच्या हातावर ठेवला आणि तेलुगूत, माझ्या हैदराबादी तेलुगूत, सांगितलं की हे माझं काम आहे. खाऱ्या हवेला हे चालत नाहीत हे मला माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतं. त्यांनी हुक उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, ते काहीतरी गोड बोलतील, क्षमेचं, बायबलातलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग अम्मा? मी निवाऱ्यातच झोपणार आहे. ज्यांचं छप्पर आहे त्यांना सांग." आणि जाऊन त्यांनी घंटा वाजवली.

लोक आले, साठ-सत्तर असतील. दुकानात मी शंभर लोकांशी भांडले आहे, पण तेव्हा मी नेहमी बरोबर असायची. मी बोलले. एक तरुण कोळी ओरडला, "शहरात जे विकलं जात नाही ते आम्हाला दानात देता!" ती पोती माझ्याकडे पडून होती हे खरंच होतं. सुगुणा खाली मान घालून उभी होती. तिने एकदाही माझ्याकडे 'मी विचारलं होतं' अशा नजरेने पाहिलं नाही, हे मी विसरणार नाही.

मग वीरम्मा उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं लोखंडवाले, इथे सगळंच गंजतं. माझं कुलूप गंजलं, खाटेचे पाय गंजले, माझा नवरा गंजून गेला. त्यात तुझा हुक!" लोक हसले. "हुक मोडतो म्हणून तर आम्ही जाळं टाकायचो. हुक एका जागी धरतो, तो गेला की पत्रा गेला. जाळं सगळीकडून धरतं आणि वाऱ्याला जाऊ देतं. पण तू म्हणालीस विद्रूप दिसतं." पुन्हा हसू. माझे मात्र कान तापले.

"मग आता टाकूया," मी म्हणाले.

"काय टाकतेस? ती भंगारात गेली. आता आहेत ती बारीक दोऱ्याची. त्यांनी मासा अडतो, पत्रा नाही अडत."

त्या दुपारी आम्ही जे करता येईल ते केलं. समुद्राच्या अगदी तोंडावरच्या चार घरांचे हुक बदलले, पोत्यांत वाळू भरून इतरांच्या छपरांवर ठेवली. फिटरकाका माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, फक्त पुढे पाना करत होते. वाळूची पोती वाऱ्यात किती टिकतात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास मी चर्चमध्ये एकटी गेले. आदल्या दिवशीच्या गडबडीत माझा पाना तिथे राहिला होता, तो आणायला. झावळ्यांतून उजेड येत होता. पाना घेतला आणि तिथेच बसले. काय म्हणावं कळेना. दत्ताचं नाव घ्यावं की त्यांच्या प्रभूचं, असाही विचार आला. मग कुणाचंच घेतलं नाही. एवढंच म्हणाले, "माझ्याकडून आवळता येईल तेवढं आवळलं. पुढे मला येत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी 'येत नाही' हे मोठ्याने म्हटलं. कुणाला ऐकू गेलं ते मला माहीत नाही. मी पाना घेऊन बाहेर आले.

बाहेर रस्त्यावर एक ट्रक उभा होता. चालक चाकाशी उकिडवा बसून दात घासत होता. पन्नाशीचा, डोक्याला गमछा. मला पाना घेऊन येताना पाहून त्याने हिंदीत विचारलं की पुढचा पूल खरंच बंद आहे का. त्याच्या पहिल्या तीन शब्दांतच मला कळलं. मी म्हणाले, "हौ, बंद है. कल रात सेच बंद है."

त्याचा ब्रश थांबला. "आपा, तुम हैदराबाद के?"

"गौलीगुडा."

"अल्ला! मैं चंचलगुडे का." गावचं माणूस भेटल्याचा आनंद त्याच्या तोंडावरून फेसासकट ओघळत होता. मी सवयीने विचारलं, माल काय आहे. तो म्हणाला, "कुछ नक्को पूछो आपा. कचरा है. पुराने जाल."

मी ट्रकच्या मागे गेले. ताडपत्रीचा कोपरा उचलला. जाड, काळपट, मिठाने ताठ झालेली जाळी, वरपर्यंत खच्चून भरलेली. किनाऱ्यावरच्या गोदामांतून गोळा करून ती हैदराबादजवळच्या कुठल्याशा कारखान्यात वितळवायला चालली होती. रोज हा ट्रक हमरस्त्याने जातो. त्या दिवशी पूल बंद म्हणून त्याने आतली वाट घेतली होती, आणि आतली वाट आमच्या चर्चपाशी संपते.

मी त्याला सगळं सांगितलं. हुकांचंही. त्याने मालकाला फोन लावला, बराच वेळ ऐकत राहिला, "जी सेठ, जी सेठ" म्हणत राहिला. मग मला म्हणाला, "सेठ बोलते, तूफान में भीग के वैसे भी वजन का झगडा होना है. उतार लेव. बाद में जो बचे सो वापस भर देना." मग स्वतःच ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागला.

माल उतरेपर्यंत मंडल कार्यालयाचे, म्हणजे तिथल्या तहसिलीचे, दोन कर्मचारी आले. रिकामा ट्रक पाहून त्यांनी चालकाला विचारलं, खालच्या वस्तीतली म्हातारी माणसं निवाऱ्यात न्यायला गाडी मिळत नाहीये, येतोस का? तो म्हणाला, "चलो." मला हात केला आणि गेला. गाडीचा नंबर लिहिल्याशिवाय मी कुणाला दुकानात माल उतरवू देत नाही. त्या दिवशी मी नंबर लिहिला नाही, त्याचं नावही विचारलं नाही. हे लक्षात आलं तेव्हा तो तीन खेपा करून, माणसं पोचवून, पूल उघडल्यावर परस्पर निघून गेला होता.

ते दोन दिवस मला हुकूम सोडायला काही नव्हतं. काम वीरम्मा सांगत होती. जाळं छपरावरून कसं टाकायचं, चारी बाजूंनी किती सैल सोडायचं, वाळूत खुंट किती तिरपा ठोकायचा, सगळं. पहिली गाठ मी मारली तेव्हा तिने ती एका बोटाने सोडवून दाखवली. "ही काय गाठ? साडीची आहे का?" मी पुन्हा मारली, इतकी घट्ट की बोटं पांढरी झाली. तिने मान हलवली. "एवढी ताणू नको. ताणलेलं तुटतं. त्याला हलू दे, मग ते धरतं." कालपर्यंत हेच वाक्य वेगळ्या शब्दांत मी गिऱ्हाइकांना ऐकवत होते. मी गप्प बसून शिकले. काल ओरडलेला तरुण कोळी माझ्या समोरचं टोक धरत होता. दुपारी त्याने मला ताडगोळा सोलून दिला. माफी वगैरे दोघांनीही काढली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला जाळी संपली. तीस घरं झाकली होती. खाडीकडची दोन उरली, त्यांना वाळूची पोतीच राहिली. आम्ही सगळे निवाऱ्याच्या इमारतीत गेलो. दुपारी दोनला वारा सुरू झाला. त्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांनी ऐकला आहे त्यांना नको असतं आणि ज्यांनी नाही त्यांना कळत नाही. मी खिडकीच्या फटीतून बघायला दोनदा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा वीरम्माने माझा पदर धरून खाली बसवलं. "बघून तुझे डोळे पत्रा धरणार आहेत का?" मग तिने मला टेकून चक्क डुलकी काढली. शेजारी पास्टर हळू आवाजात प्रार्थना म्हणत होते, पलीकडे दोन बायका त्यांच्या गंगम्मा देवीचं नाव घेत होत्या. आणि फोन बंद पडण्याआधी नवऱ्याचा एकच निरोप आला होता, 'बसलोय'. मला त्या सगळ्यांतलं एकही शब्दशः म्हणता येत नव्हतं. पण त्या दोन-अडीच तासांत मी काहीही ठरवत नव्हते, काहीही मोजत नव्हते, हे आठवतं. वीरम्माचं डोकं खांद्यावर जड लागत होतं आणि मी ते हलवलं नाही.

सकाळी आम्ही परत गेलो. चर्चच्या झावळ्यांचा मागमूस नव्हता. नारळाचं खोड आडवं पडलं होतं आणि घंटा वाळूत अर्धी रुतली होती. खाडीकडच्या दोन घरांची छपरं गेली होती. तीस घरांवर जाळी होती, जाळ्यांखाली पत्रे होते. काही सरकले होते, काही तडकले होते, पण जागेवर होते. मी वीरम्माच्या घराला शिडी लावली आणि मोजलं, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. तिच्या छपरावरच्या चाळीस हुकांपैकी सव्वीस मोडलेले होते. पत्रा हुकांनी धरला नव्हता.

जाळी काढून गुंडाळताना वीरम्मा एका जाळ्यापाशी थांबली. बोटाने एक टाका चाचपून म्हणाली, "हा माझा आहे. हे माझं जाळं." तशी किनाऱ्यावर शेकडो गावं आहेत, हजारो जाळी आहेत, आणि भंगार कुठून कुठे जातं ते मला व्यापारी म्हणून चांगलं माहीत आहे. ते तिचंच असेल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण नाही असंही मी म्हणाले नाही. शेठची दुसरी गाडी जाळी न्यायला आली तेव्हा ते एक जाळं आम्ही परत भरलं नाही. त्या गाडीवाल्याकडून शेठना फोन लावून मी तसं कळवलं, ते म्हणाले, "ठीक है बहनजी."

त्या दोन घरांच्या दारात मी त्याच दिवशी जाऊन उभी राहिले. एकीने पाणी दिलं, दुसरीने दिलं नाही. दोन्ही बरोबर होतं. त्या दोन्ही घरांवर महिन्याच्या आत मुलाम्याचे हुक बसले, मी स्वतः उभी राहून बसवले. चार घरांचे आधीच बदलले होते, बाकी सव्वीस घरांचे हुक पुढच्या दोन सुट्ट्यांत बदलले आणि राहिलेली चार घरंही उभी राहिली. आणि सगळ्या छपरांवर जाळंही चढलं, शेठकडूनच भंगाराच्या भावाने विकत घेतलेलं. आता कुणी हुक मागायला आलं की मी आधी विचारते, समुद्राजवळ का? गौलीगुड्यात या प्रश्नाला लोक हसतात. हसू देत.

गेल्या सुट्टीत शेवटी चर्चचं छप्पर चढलं. कोळी, आमची मंडळी, फिटरकाका, सगळे होते. नवऱ्यालाही मी या वेळी ओढून आणलं होतं. दुकानाला तीन दिवस कुलूप, असं पहिल्यांदाच. सगळे पत्रे बसले आणि एक हुक उरला, तेव्हा प्रश्न आला की ही रीत इथे कशी करायची. हे घर कुणाचं? त्याची बाई कोण? कुणी म्हणालं पास्टरांच्या बायकोने, पास्टरअम्मांनी, चढावं. त्यांनी नकार दिला, गुडघे दुखतात म्हणाल्या. कुणी सुगुणाचं नाव घेतलं. सुगुणाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी तर तुमच्या देवाचीसुद्धा नाही."

वीरम्माने शिडीवर हात आपटला. "चढ गं लोखंडवाले. ज्या बाईने घरासाठी लाज सोडली ती घरची नाही तर कोण?"

मी चढले. वरून समुद्र दिसत होता, आणि छत्तीस छपरं, त्यांच्यावर काळी जाळी, मला कधीकाळी विद्रूप वाटलेली. मी हुक पाइपाला अडकवला, वर काढला, वायसर घातलं. नट हाताने आवळला. पान्याने एक फेरा दिला. हाताला अजून थोडं आवळायची ओढ होती, ती जन्माची सवय आहे, जाणार नाही. खाली नवरा डोळे मिटून उभा होता, गुरुवारी असतो तसा.

मी पाना कमरेला खोचला आणि हात जोडले.